दर दोन तासांनी दोन फवारे

साबणाच्या त्या कारखान्यात तीनशे दहा माणसं कामाला होती. सगळ्यांना मिळून सहाशे वीस नाकपुड्या असणार. पण कारखान्याच्या कागदोपत्री नाक एकच होतं. ते दुसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच बसत असे.

त्या नाकाच्या मालकाला सगळे नाकसाहेब म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि पुढे त्यांच्या खोलीवर पाटी लावायची वेळ आली तेव्हा रंगाऱ्याने कुणालाही न विचारता तेच लिहिलं. नाकसाहेबांनी पाटी दोनदा वाचली आणि रंगाऱ्याला चहा पाजला.

काम ऐकायला सोपं होतं. तयार झालेल्या प्रत्येक बॅचमधल्या तीन वड्या त्यांच्या टेबलावर येत. एक कोरडी हुंगायची, दुसरी कोमट पाण्यात भिजवून, तिसरी मधोमध कापून. मग कपाटातल्या मूळ नमुन्याच्या बरणीशी वास ताडून पाहायचा आणि रजिस्टरमध्ये ‘पसंत’ किंवा ‘नापसंत’ लिहून सही करायची. ती सही झाल्याशिवाय गोदामातून एक खोकं हलत नसे. ‘नापसंत’ वर्षातून तीनचार वेळा येई, आणि आलं की अख्ख्या कारखान्यात लोक हळू आवाजात बोलत.

अशा माणसाला सर्दी होत नसे असं नाही. बावीस वर्षांत ती झाल्याचं त्यांनी कारखान्यात कबूल केलं नव्हतं, इतकंच. सर्दी झाली की ते पाठदुखीची रजा टाकत. आस्थापना विभागाच्या नोंदीप्रमाणे त्यांच्याइतकी वाईट पाठ कारखान्यात दुसऱ्या कुणाचीच नव्हती, आणि त्यात पोती उचलणारे हमालही आले.

या वर्षी मात्र सर्दी आली ती पाठीच्या रजा संपल्यानंतर. शिवाय मॅनेजरसाहेब गेले काही महिने एक विचित्र वाक्य बोलू लागले होते. “कारखान्याला नाक एकच असणं धोक्याचं आहे,” ते म्हणत. “उद्या तुम्हाला काही झालं तर? लॅबमधल्या बाईंना थोडं थोडं शिकवून ठेवा ना.” यात काळजी होती असं मॅनेजरसाहेबांचं म्हणणं. नाकसाहेबांना त्यात दुसरंच दिसत होतं. पूर्वी साबणाचा रंग डोळ्यांनी पारखणारे एक गृहस्थ कारखान्यात होते आणि त्यांना रंगसाहेब म्हणत. मग रंग मोजायचं यंत्र आलं. गृहस्थ आता गोदामात खोकी मोजतात आणि त्यांना कुणीही साहेब म्हणत नाही.

तेव्हा सर्दी झालेली कळता कामा नये, हे पहिल्या शिंकेलाच ठरलं.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने बोटभर उंचीची एक बाटली दिली. “दोन फवारे मारा, दोन मिनिटं थांबा,” तो म्हणाला. नाकसाहेबांनी दुकानाच्या पायरीवरच मारले. दोन मिनिटांनी, लांबलेली सभा संपून कुणीतरी सभागृहाचे सगळे दरवाजे एकदम उघडावेत तसं नाक मोकळं झालं. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या चार लांब श्वास घेतले. शेजारच्या गिऱ्हाइकाने त्यांनी काय खरेदी केलंय ते वाकून पाहिलं.

बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सलग पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नये.’ नाकसाहेब छापील मजकूर नीट वाचणारे गृहस्थ होते. त्यांनी तो वाचला आणि तो सर्वसामान्य नाकांना उद्देशून आहे असा निष्कर्ष काढला.

सुरुवातीला एका वेळच्या फवाऱ्यावर आठ तास निघत. महिन्याभराने पाच. पुढे तीन, आणि चौथ्या महिन्यात दोन. सर्दी केव्हाच गेली होती. ती गेल्याचं नाकाला कुणी सांगितलं नव्हतं. दर दोन तासांनी नाक आपोआप बंद होई, जणू आत कुणी पाळीने येऊन कुलूप लावून जात होतं, आणि प्रत्येक वेळी बाटलीशिवाय ते उघडत नसे. एक बाटली कोटाच्या खिशात गेली, मग एक टेबलाच्या खणात, एक न्हाणीघराच्या फळीवर साबणांच्या मागे. चौथीपासून पुढे कोणती कुठे आहे याचा हिशेब फक्त त्यांच्या डोक्यात होता.

नाकसाहेबांच्या घराच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. नाकसाहेब जिना चढताना तोंडाने श्वास घेतात हे त्यांनी लगेच हेरलं.

“नाक ना?” ते म्हणाले. “मला सांगू नका, मी ओळखलं. नाकाचं टपालासारखं आहे. एका ठिकाणी तुंबलं की मागे सगळीकडे तुंबतं. उशाखाली कांदा ठेवा. चिरलेला. आणि रोज संध्याकाळी जिना उलट्या पावली चढा.”

“उलट्या पावली कशाला?”

“ते मला विचारू नका. माझ्या मेहुण्याचं त्यानेच उघडलं.”

नाकसाहेबांनी दोन्ही केलं. उलट्या पावली चढताना ते पहिल्या मजल्यावरच्या दुधाच्या बाटल्यांवर जाऊन बसले, तो भाग वेगळा. कांदा मात्र तीन दिवस उशाखाली होता. चौथ्या दिवशी सकाळी बायको बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून झोपलेली दिसली.

“इथे का झोपलीस?”

“अहो, का म्हणजे? तुम्हाला खरंच काही कळत नाही?”

नाकसाहेब उशीजवळ गेले आणि वाकून त्यांनी खोल श्वास घेतला. काहीच नाही. कानाखाली तीन दिवसांचा कांदा होता आणि बावीस वर्षांच्या अनुभवाला त्याचा पत्ता नव्हता. फवाऱ्याने श्वास येत होता, पण वास गेला होता. त्यांनी पलंगावर बसून कांदा नाकाशी धरून पाहिला. मग उठून त्यांनी दोन फवारे मारले आणि ते कामावर गेले, कारण लिंबाच्या साबणाची बॅच आलेली होती.

इथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. त्यांनी हुंगण्यात कधी कसूर केली नाही. कोरडी वडी, ओली वडी, कापलेली वडी, सगळं क्रमाने, तेवढाच वेळ, भुवया तेवढ्याच आवळून. फक्त वास येत नव्हता. मग ते वडीचा रंग बघत, तिच्यावर टिचकी मारून आवाज ऐकत, आणि साठ बॅचमध्ये एखादीच वाईट निघते या विचाराचा आधार घेऊन ‘पसंत’ लिहीत. रोज घरी जाताना ते स्वतःला सांगत, की आज तरी काही बिघडलं नाही. कुणी तक्रार घेऊन आलं नाही याचाच अर्थ काही बिघडलं नाही असा ते घेत. या अर्थाबद्दल पुढे बोलू.

फवारा मारण्यासाठी त्यांनी तिसऱ्या मजल्यावरचा जिन्याचा शेवटचा टप्पा निवडला होता. तिथे फक्त गच्चीचं बंद दार होतं. भिंतीकडे तोंड, मान मागे, हात तोंडाशी, मग डोळे मिटून एक सुस्कारा. दिवसातून चार वेळा. आस्थापनेतले एक कारकून एकदा जुन्या फायली ठेवायला वर आले आणि त्यांनी हे खालच्या टप्प्यावरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते फायलींशिवाय आले.

दोन दिवसांनी मॅनेजरसाहेबांनी नाकसाहेबांना बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं.

“बसा. घरी सगळं ठीक?”

“ठीक.”

“वहिनी?”

“तीही ठीक.”

“मग हे कशामुळे?”

“हे म्हणजे?”

मॅनेजरसाहेबांनी अंगठा तोंडाकडे नेला आणि मान किंचित मागे केली. “जिन्यात,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “दिवसातून चारचार वेळा. लोक बघतात हो.”

नाकसाहेबांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांच्यासमोर दोन वाटा उभ्या राहिल्या. नाक बंद आहे असं सांगितलं, तर गोदाम आणि खोकी. दारू पितो असं मानू दिलं, तर फार झालं तर समज. दारू पिणारी माणसं कारखान्यात मोठमोठ्या जागांवर होती आणि त्यांच्या पाट्या शाबूत होत्या.

त्यांनी मान खाली घातली. “कमी करतो,” ते म्हणाले.

मॅनेजरसाहेबांनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. “कबूल केलंत, हेच मोठं. लोक करत नाहीत. कामावर काही परिणाम?”

“नाकावर काहीही परिणाम नाही,” नाकसाहेब ताठ बसून म्हणाले.

प्रकरण तिथे मिटलं असतं. पण कारखान्यात व्यसनमुक्तीची एक योजना होती, तिचा फॉर्म होता, आणि योजना सुरू झाल्यापासून तो कुणीही भरलेला नव्हता. आस्थापनेतल्या कारकुनांनी कोऱ्या गठ्ठ्यावरची धूळ झटकली आणि पेन उघडलं.

“दिवसातून किती वेळा, साहेब?”

नाकसाहेबांना खोटं बोलायची सवय नव्हती. आधीच एक मोठं झालं होतं. त्यात बारीकसारीक भर नको असं त्यांना वाटलं. “दर दोन तासांनी,” ते म्हणाले.

कारकुनांनी वर पाहिलं. “रात्रीसुद्धा?”

“उठावंच लागतं. नाहीतर श्वास कोंडतो.”

“घरी साठा?”

“सगळ्या खोल्यांत मिळून नऊ बाटल्या.”

“आणि सुरुवात कशी झाली?”

“सर्दी झाली होती, म्हणून.”

कारकुनांनी पेन खाली ठेवलं. “साहेब,” ते अतिशय मायेने म्हणाले, “सगळे सर्दीसाठी म्हणूनच सुरू करतात.”

योजनेचा एक भाग कुटुंबाला पत्र पाठवण्याचा होता. ‘आपल्या पतीच्या सवयीबाबत आपले सहकार्य अपेक्षित आहे,’ असं पत्र नाकसाहेबांच्या बायकोला शनिवारी दुपारी मिळालं. ती शाळेत भूमिती शिकवत असे. तिने आरडाओरडा केला नाही. तिने घराच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि एकेक खोली संपवत गेली. नाकसाहेब संध्याकाळी घरी आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर नऊ बाटल्या उंचीप्रमाणे, म्हणजे शिल्लक औषधाच्या उंचीप्रमाणे, ओळीत लावलेल्या होत्या. शेजारी पत्र होतं.

“पत्रात लिहिलंय तुम्ही पिता,” ती म्हणाली. “घरात तर ही सापडली. आता तुम्ही नाकाने पिता का?”

नाकसाहेबांनी सगळं सांगितलं. सांगताना मधेच उठून त्यांनी टेबलावरची तिसरी बाटली उचलली, दोन फवारे मारले आणि ती पुन्हा तिच्या जागेवर ठेवली.

“म्हणजे,” बायको म्हणाली, “दारू पितो असं सांगितलंत, आणि नाक चोंदलंय हे सांगायची लाज वाटली?”

“दारू पिणाऱ्याची खुर्ची कुणी काढत नाही.”

तिने यावर विचार केला. त्यात तथ्य होतं, आणि त्यामुळे तिला जास्तच राग आला. “सोमवारी नाकाच्या डॉक्टरकडे,” ती म्हणाली. “मी येणार बरोबर. आणि ते साबण कशाला आणलेत गेल्या आठवड्यात? हिरवे. कसला वास निवडलाय या वेळी?”

“का? छान आहे,” नाकसाहेब म्हणाले. त्यांनी तो नमुना तीन प्रकारे हुंगला होता.

नाकाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना इकडचं तिकडचं बोलण्याची आवड नव्हती. त्यांनी बॅटरी नाकाशी धरली, एका बाजूला पाहिलं, दुसऱ्या बाजूला पाहिलं आणि विचारलं, “कोणता फवारा? किती दिवस?”

“चार महिने.”

“बाटलीवर पाच दिवस लिहिलंय.”

“हो. ते...”

“ते सगळ्यांसाठी असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला आता सर्दी नाही. हा या औषधाचाच त्रास आहे. फवारा आतल्या रक्तवाहिन्या आवळतो म्हणून नाक उघडतं. औषध उतरलं की त्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. मग तुम्ही पुन्हा मारता. जे उघडायला घेता तेच बंद करतंय.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं नाही. न पाहण्यातही तिला बरंच काही म्हणता येत असे.

“मग उपाय?”

“बंद करा. दोन्ही बाजूंचं एकदम झेपत नसेल तर आधी एका बाजूचं. डाव्या बाजूला आजपासून हा फवारा नाही. मिठाच्या पाण्याने धुवा आणि मी देते ते दुसरं औषध वापरा, ते सावकाश काम करतं. डावी उघडली की उजवी सोडायची. एकेका बाजूला आठवडा धरा. पहिले काही दिवस त्रास होईल.”

“आणि वास?”

“येईल बहुतेक. घाई करू नका.”

मंगळवारी नाकसाहेब आस्थापनेत गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “समजा एखाद्या माणसाला नाकासाठी दोन आठवडे रजा हवी असली...”

“पाठ लिहा ना साहेब.”

“पाठ संपली.”

कारकून विचारात पडले. “नाकासाठी रजा म्हणजे अवघड आहे. दुसऱ्या कुणाचं नाक असतं तर प्रश्न नव्हता. तुमचं नाक म्हणजे आपल्याकडे मोजमापाचं साधन धरतात. गोदामातला काटा बिघडला तर आपण काय करतो? बिघाड कधीपासून आहे ते शोधतो आणि तेव्हापासूनची सगळी वजनं पुन्हा घेतो. तसंच हे. कधीपासून बिघडलंय, ते लिहून द्यावं लागेल. का, काही आहे का?”

“छे,” नाकसाहेब म्हणाले. “सहज विचारलं.”

म्हणून मग त्यांनी डावी नाकपुडी रजेशिवाय, भर कामात सोडवली. पहिले चार दिवस ती भिंतीसारखी बंद होती. उजवीचा फवारा ते आता फक्त सकाळी निघताना घरी मारत. रात्री ते आरामखुर्चीत बसल्याबसल्या झोपत, तोंड उघडं पडे, घसा कोरडा होई. दिवसा डोळ्यांतून पाणी येई, कपाळ ठणके, आणि हात सवयीने खिशाकडे जाऊन रिकामा परत येई. कारखान्याने हे सगळं पाहिलं आणि त्याला जो अर्थ लावायचा तो लावला. सोडतोय बिचारा, असं लोक म्हणू लागले. जिन्यात माणसं बाजूला होऊन त्यांना वाट देत. हमालांच्या मुकादमाने एकदा त्यांचा हात धरून ठेवला. “माझ्या भावानेही सोडली साहेब,” तो म्हणाला. “दुसरा आठवडा सगळ्यात वाईट. तो काढलात की जिंकलात.” नाकसाहेबांना इतका आदर ‘नापसंत’ लिहूनही कधी मिळाला नव्हता. त्यांनी तो खाली मान घालून स्वीकारला, कारण मान वर केली की नाक जास्त चोंदत होतं.

नवव्या दिवशी सकाळी ते कारखान्याच्या फाटकातून आत आले आणि थबकले.

ओल्या पुठ्ठ्याचा वास. मग रबराचा. मग फाटकावरच्या रखवालदाराच्या केसांतल्या तेलाचा. वास डाव्या बाजूने येत होते, एकेक करून, ओळीत उभी राहिलेली माणसं आत सोडावीत तसे. नाकसाहेब तिथेच उभे राहिले. त्यांना रखवालदाराला मिठी मारावीशी वाटली, पण आपल्याबद्दलचा समज लक्षात घेऊन त्यांनी तसं केलं नाही.

पुठ्ठ्याच्या, रबराच्या आणि तेलाच्या खाली आणखी काहीतरी होतं. जुनं, जड, घशाशी चिकटणारं. खवट. साबणात घातलेलं तेल आतून खराब होऊ लागलं, की लॅबच्या आकड्यांत दिसण्याच्या कितीतरी आधी जो वास सुटतो, तो. हा वास पकडण्यासाठीच बावीस वर्षांपूर्वी त्यांना नेमलं होतं.

ते वासामागे चालत गेले. वास गोदामात गेला, रंगसाहेबांच्या टेबलावरून वळला आणि भिंतीशी रचलेल्या हिरव्या साबणाच्या चारशे खोक्यांपाशी थांबला. म्हणजे काल रात्रीपर्यंत चारशे होती. आता त्यातली निम्मी बाहेर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये होती. माल परगावच्या हॉटेलांसाठी होता, प्रत्येक खोलीत एक वडी. खोक्यांवर पसंतीची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर तीन आठवड्यांपूर्वीची त्यांची सही, नेहमीसारखी, स्वच्छ.

“मुकादम,” ते म्हणाले, “इथे वास येतोय का?”

“येतो की साहेब.”

“कधीपासून?”

“झाले तीन आठवडे.”

“मग बोलला का नाहीत?”

मुकादम गोंधळला. “तुमची सही आहे ना त्यावर. मला वाटलं माझंच काही बिनसलंय. डॉक्टरकडेही जाऊन आलो.”

नाकसाहेब जिना चढून लॅबमध्ये गेले. लॅबमधल्या बाई काचेच्या नळ्या धूत होत्या. “हिरवा साबण?” त्या म्हणाल्या. “मला पहिल्याच दिवशी खवट वाटला. मग चिठ्ठी पाहिली. म्हटलं, नाकसाहेब पसंत म्हणतात म्हणजे आपलं नाक खोटं. घरी नेऊन नवऱ्याला हुंगायला दिला. त्यालाही खवट वाटला. मग वाटलं, आमच्या घरातच काहीतरी आहे.”

मॅनेजरसाहेबांनी तोच प्रश्न ऐकून आधी दार लावलं. मग खण उघडला आणि एक बोटभर उंचीची बाटली टेबलावर ठेवली. “गोदामात गेलो की मला घाण वास येतो,” ते म्हणाले. “तुमच्यासारख्या माणसाने पास केलेल्या मालाला! म्हणजे दोष माझ्यात. औषधवाला म्हणाला, नाक साफ करून बघा.”

“किती दिवस मारताय?”

“नऊ झाले.”

“टाकून द्या,” नाकसाहेब म्हणाले. त्यांनी कचऱ्याची टोपली पुढे सरकवली. “आत्ता. माझ्यासमोर.”

तीनशे नऊ माणसांना वास येत होता, आणि ज्याला येत नव्हता त्याच्यावर विश्वास ठेवून त्या सगळ्यांनी आपापली नाकं मोडीत काढली होती. नाकसाहेबांनी आयुष्यभर असाच मान मागितला होता. तो पूर्ण मिळालेला होता आणि खाली ट्रकमध्ये भरला जात होता.

“बॅच नापसंत करा,” ते म्हणाले. “ट्रक थांबवा.”

इथे आस्थापनेतल्या कारकुनांना बोलवावं लागलं. त्यांनी नियमांची वही आणली. “पसंत झालेला माल नापसंत करायला सही करणाऱ्याच्या वरच्या तज्ज्ञाची सही लागते,” त्यांनी वाचलं. “तुमच्या वर नाक नाही साहेब.”

“मॅनेजर आहे ना मी,” मॅनेजरसाहेब म्हणाले.

“मॅनेजर आहात. नाक नाही.”

खाली ट्रकची मागची फळी लावल्याचा आवाज आला.

“एक वाट आहे,” कारकून म्हणाले. “सही करताना माणूस सही करण्याच्या अवस्थेत नव्हता असं दाखवलं, तर सही रद्द होते. तसा कागद आपल्या फाइलला आहेच.” त्यांनी व्यसनमुक्तीचा फॉर्म काढला. त्यांनी तो प्लास्टिकच्या आवरणात ठेवलेला होता. “तारीख जुळते. ‘त्या दिवशी घेतली होती,’ एवढं एक वाक्य लिहा. एक दिवस, एक बॅच. योजनेत असलेल्या माणसावर कारवाई होत नाही, तसा नियमच आहे. खुर्ची जिथे आहे तिथे.”

पेन पुढे आलं. नाकसाहेबांनी ते हातात घेतलं. वाक्य पाच शब्दांचंसुद्धा नव्हतं. खुर्ची, खोली, पाटी, सगळं त्यात मावत होतं. पण त्यात एकच बॅच मावत होती. बाकीच्या साठांचं काय, हे जगात त्यांच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं, आणि त्यांनाही माहीत नव्हतं.

“त्या दिवशीच नाही,” ते म्हणाले. “चार महिने. एकसष्ट बॅच. मी एकाही बॅचचा वास घेतलेला नाही. माझं नाक चोंदलेलं होतं.”

कारकुनांनी नियमांची वही मिटली.

“साहेब,” ते म्हणाले, “एवढं कशाला लिहिता? एक दिवस पुरेल.”

नाकसाहेबांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं, तारखेसह, आणि खाली सही केली. ट्रक फाटकात थांबवला गेला. दोनशे खोकी मुकादमाने पुन्हा उतरवली आणि रंगसाहेबांनी पुन्हा मोजली. त्यांनी नाकसाहेबांकडे एकदाच पाहिलं आणि त्यांच्यासाठी टेबलाशेजारी एक स्टूल सरकवून ठेवलं.

स्टूल लागलं नाही. पुढचे आठ दिवस नाकसाहेब आणि लॅबमधल्या बाई, दोघांनी मिळून राखून ठेवलेले एकसष्ट नमुने हुंगले. नाकसाहेब डाव्या बाजूने, आणि शेवटचे दोन दिवस दोन्ही बाजूंनी. हिरव्याखेरीज लिंबाची एक बॅच वाईट निघाली. ती अजून गोदामातच होती. बाकी सगळी चांगली होती. नाकसाहेबांना लेखी ताकीद मिळाली. खुर्ची राहिली, पण खोलीत दुसरं टेबल आलं, त्याच्यामागे बाई बसल्या, आणि दारावरची पाटी बदलून ‘वास तपासणी विभाग’ अशी झाली. नव्या नियमाने प्रत्येक बॅचवर दोन सह्या लागू झाल्या.

खरं कारण मात्र कारखान्यात कुणीही मानलं नाही. मॅनेजरसाहेबांनी एकदा त्यांना बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. “नाकाचं कारण चांगलं काढलंत,” ते म्हणाले. “वहिनींनाही बरं वाटलं असेल.”

तीन महिन्यांनी हवा बदलली आणि नाकसाहेबांना साधी सर्दी झाली. नाक गळत होतं, शिंका येत होत्या. औषधवाल्याच्या दुकानावरून ते दुसऱ्या फुटपाथने गेले, रुमाल घेऊन कामावर आले, नव्या टेबलासमोर उभे राहिले आणि त्यांनी बावीस वर्षांत न म्हटलेलं वाक्य म्हटलं.

“मला सर्दी झालीय. आज वास येणार नाही.”

“बरं,” बाई म्हणाल्या. त्यांनी तीन वड्या आपल्याकडे ओढल्या, हुंगल्या, रजिस्टरमध्ये ‘पसंत’ लिहिलं. दुसऱ्या सहीच्या रकान्यात ‘सर्दी’ असं लिहिलं आणि मुकादमाला हुंगायला लावून त्याची सही घेतली. अकरा वाजता ट्रक गेला. साडेपाचपर्यंत कुणीही वर येऊन काही विचारलं नाही.

संध्याकाळी नाकसाहेब घरी आले, त्यांनी रुमाल टेबलावर टाकला आणि कोटही न काढता ते खुर्चीत बसले.

“सांगितलंत?” बायकोने विचारलं.

“सांगितलं.”

“काही बोलले का?”

“नाही.”

“काम अडलं?”

“नाही.”

“मग तोंड का एवढं उतरलंय?”

“तेच तर सांगतोय तुला,” नाकसाहेब म्हणाले. “काहीच अडलं नाही.”